कंपनीची स्वयंसेवा आणि आपली इरजीक

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या ताई मूळच्या चोपडा तालुक्यातल्या, नोकरी पुण्यात. कंपनीचं मुख्यालय युरोपात, भारतातलं मोठं ऑफिस पुण्याला आणि एक कारखाना जळगावच्या एमआयडीसीत. मुख्यालयाने प्रत्येक कर्मचाऱ्याला वर्षाला दोन दिवस भरपगारी स्वयंसेवा रजा दिली आहे. बहुतेकांनी ती वापरलीच नाही. ज्यांनी वापरली ते एकदा बसने जाऊन झाडं लावून आले. आता हे काम ताईंच्या गळ्यात पडलंय आणि ते त्यांना आपल्या खानदेशात करायचंय. त्या विचारतात, "सुरुवात कुठून करू, आणि हेड ऑफिसला काय सांगू?"

ताई, आधी माझी बाजू सांगतो. मी या कामात अठरा वर्षं आहे. पहिली सात नंदुरबार जिल्ह्यातल्या एका संस्थेत काढली, म्हणजे कंपन्यांच्या बसगाड्या जिथे येऊन उभ्या राहतात त्या बाजूला. त्यानंतर बस पाठवणाऱ्यांच्या बाजूला आलो. त्यामुळे दोन्हीकडची गंमत ठाऊक आहे. बस निघून गेल्यावर संस्थेतली माणसं आपसात काय बोलतात, तेही.

इरजीक तुम्हाला माहीत असेल. पाऊस तोंडावर आलाय, एखाद्याचं शेत नांगरायचं राहिलंय, घरात आजारपण आहे किंवा बैलजोडी मोडलीय. तो चार घरी जाऊन सांगतो. माणसं आपापली औतं घेऊन येतात, दिवसभर राबतात, संध्याकाळी त्याच्याकडे जेवतात. सातपुड्यातल्या पाड्यांवर याच प्रकाराला लाह म्हणतात. पैशाचा व्यवहार नाही, पण नियम पक्के. बोलावणारा शेताचा मालक. कुठलं काम, कुठल्या दिवशी, किती माणसं, हे तोच सांगतो. येणारा आपलं औत आणतो, आपली मर्जी आणत नाही. कंपन्यांचं नेमकं उलटं चालतं. आधी तारीख ठरते, मग टी-शर्ट छापून येतात, मग माणसं मोजली जातात आणि सगळ्यात शेवटी शेत शोधायला निघतात. तुमचा कार्यक्रम का चालला नाही याचं निम्मं उत्तर मला तरी इथेच दिसतं.

पारोळा तालुक्यातली एक गोष्ट सांगतो. कंपनीचं नाव सांगत नाही, पण त्या बसमध्ये मीही होतो आणि बेत माझाच होता. जुलै महिना, गावच्या गायरानावर १८० माणसं, तेवढीच रोपं. मुरमाड जमीन, खड्डे दीड फुटाचे. पाऊस होता म्हणून सगळं हिरवंगार दिसत होतं. फोटो छान आले. निघताना पारावर बसलेल्या एका बाबांनी हसत विचारलं, "झाडे लाई दिनात भाऊ, आते पानी कोन टाकी?" मी काहीतरी उत्तर दिलं. काय दिलं ते आठवत नाही, यावरूनच त्याची किंमत कळते. पुढच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्याच रस्त्याने गेलो, तर गायरानावर शेळ्या चरत होत्या आणि खड्डे तेवढे शिल्लक होते. जगली ती अकरा झाडं. ती एका शेतकऱ्याच्या बांधावर होती. त्याने त्या दिवशी उरलेली रोपं स्वतःहून मागून नेली होती. मागितलेलं झाड जगलं.

म्हणून पहिलं काम विचारणं. पण विचारायचीही रीत असते. गावात किंवा संस्थेत जाऊन "तुम्हाला काय हवंय?" असं विचारलंत, तर सभामंडप, संगणक, नाहीतर शाळेला रंग, ही तीन उत्तरं ठरलेली. त्यात त्यांची चूक नाही. कंपनीचा माणूस काय देऊ शकतो याचा अनुभव त्यांना तेवढाच आहे. मी वेगळं विचारतो: "गेल्या वर्षी कुठलं काम करायचं ठरवलं होतं आणि राहून गेलं? का राहिलं?" मग खरं बोलणं सुरू होतं. हिशेब लिहायला माणूस मिळाला नाही. मोटार जळाली आणि मिस्त्री आलाच नाही. बँकेला द्यायचा प्रस्ताव इंग्रजीत हवा होता. मुलींना पोलीस भरतीचा फॉर्म ऑनलाइन भरायचा होता आणि तारीख उलटून गेली. या उत्तरांमध्ये तुमच्या दोन दिवसांच्या रजेचं काम दडलेलं असतं.

गावाने आधी तयारी केलेली असली की शहरातला माणूस किती उपयोगी पडतो, हे आपण गावागावांतल्या जलसंधारणाच्या वॉटर कप स्पर्धेच्या दिवसांत पाहिलं. २०१६ ते २०१९ या काळात पाणी फाउंडेशनने ती घेतली, खानदेशातले काही तालुकेही त्यात होते. १ मेच्या महाश्रमदानाला शहरांतून माणसं यायची तेव्हा गावाने चरांची आखणी करून, फक्की टाकून, कुदळ-फावडी मांडून ठेवलेली असायची. नेतृत्व गावाचं, पाहुणा दिलेल्या जागी खणणार. उलट पाणी अडवण्याचा शिरपूर पॅटर्न पाहा. भूगर्भतज्ज्ञ सुरेश खानापूरकरांनी तिथे नाले खोल आणि रुंद केले ते यंत्रांनी, कारण काम कठीण थराच्या खाली जाण्याचं होतं. तिथे दोनशे इंजिनिअर फावडं घेऊन उभे केले असते तर अडचणच झाली असती. जे काम पोकलेन तासाभरात करतं त्यासाठी माणसांचा दिवस मागू नका. पोकलेनचं त्या दिवसाचं भाडं संस्थेला द्या, माणसं दुसरीकडे न्या.

आता वेळेचं. मुख्यालयाला वाटतं जगभर एकाच आठवड्यात सगळ्यांनी सेवा करावी, म्हणजे बातमी मोठी होते. आंतरराष्ट्रीय स्वयंसेवक दिन ५ डिसेंबरला असतो, म्हणून कित्येक कंपन्यांना डिसेंबर आवडतो. आपल्याकडे ऑक्टोबर ते डिसेंबर कापूस वेचणीचा. बायका पहाटे शेतात जातात, अंधार पडता घरी येतात. त्या दिवसांत बचत गटाची बैठक लावा म्हणणं म्हणजे त्यांची मजुरी बुडवणं. नंदुरबारच्या डोंगराळ भागातली कितीतरी कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातात, होळीच्या सुमाराला परततात. डिसेंबरमध्ये पाड्यावर तुम्हाला म्हातारी माणसं आणि कुलपं भेटतील. मार्चमध्ये परीक्षा. एप्रिल-मे मध्ये जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या आसपास. तेव्हा एसीत बसणाऱ्या माणसाला दुपारी उन्हात उभं करणं हा सरळ अपघाताला आवतण देणारा प्रकार आहे. जून पेरणीचा. मग राहिलं काय? शाळा-वसतिगृहांसाठी जुलैअखेर ते सप्टेंबर उत्तम. कारागिरीच्या, दुरुस्तीच्या कामांना जानेवारी-फेब्रुवारी. श्रमदान करायचंच असेल तर फेब्रुवारीत, सकाळी सहा ते नऊ. हे वर्षाचं चक्र एका पानावर मांडून युरोपात पाठवा. तिथल्या लोकांना कळत नाही असं नाही, त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. त्यांच्या डिसेंबरच्या आठवड्यात तुम्ही वर्षभरात झालेल्या कामाची गोष्ट सांगा, काम गावाच्या वेळेला करा.

यावरून मुख्यालयाने काय ठरवायचं आणि आपण काय, हा मुद्दा येतो. जगभर पसरलेल्या कंपन्यांत हा वाद कायम असतो. माझं मत विचाराल तर मुख्यालयाकडे पाच गोष्टी असाव्यात: किती दिवसांची पगारी रजा, विमा, मुलांच्या सुरक्षेचे नियम, फोटो-माहितीबाबतचे नियम आणि मोजणीची पद्धत. बाकी काय करायचं, कोणाबरोबर, कधी, हे त्या त्या ठिकाणी ठरावं. रजा किती असावी यावर लोक उगीच घासाघीस करतात. सेल्सफोर्ससारखी कंपनी वर्षाला ५६ तास, म्हणजे सात दिवस देते. तुमच्याकडे दोन आहेत. दोनही पुष्कळ आहेत, पण एक अट घाला: ते अर्ध्या अर्ध्या दिवसांनी, हवं तर दोन-दोन तासांनी तोडून घेता आले पाहिजेत. सगळा दिवस एकदम घ्यायचा म्हटलं की माणूस एकदा झाडं लावतो आणि संपलं. टाटा समूहात दोन्ही प्रकार शेजारी शेजारी चालतात. वर्षातून दोनदा सगळ्यांसाठी स्वयंसेवा सप्ताह, आणि ज्याला जमेल त्याच्यासाठी काही महिने चालणारं, आपल्या नोकरीतलं कसब संस्थेला देण्याचं काम. आयबीएमने २००८ पासून निवडक कर्मचाऱ्यांचे गट महिनाभरासाठी दुसऱ्या देशांत पाठवायला सुरुवात केली होती. तीनही नमुने चांगले, पण त्यातला एकही जसाच्या तसा उचलू नका. तुमचा जीव दीड हजार माणसांचा आणि दोन दिवसांचा आहे.

कायद्याचंही एकदा नीट पाहून घ्या, कारण इथे भलेभले गोंधळतात. कंपनी कायदा २०१३ चं कलम १३५ असं सांगतं: निव्वळ मत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं एक जरी लागू झालं तरी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सीएसआरवर, म्हणजे कंपनीच्या सामाजिक जबाबदारीच्या कामांवर, खर्च करायची. पण कर्मचाऱ्यांनी दिलेल्या वेळेची पैशात किंमत काढून ती या खर्चात दाखवता येत नाही. फक्त कर्मचाऱ्यांच्याच फायद्याचं काम सीएसआरमध्ये बसत नाही. कंपनीने आपल्या प्रशासनावर केलेल्या खर्चालाही ५ टक्क्यांची मर्यादा आहे. म्हणून बस, टोप्या, जेवण, विमा हे सगळं एचआरच्या खात्यातून करा आणि सीएसआरचा पैसा संस्थेच्या कामाला जाऊ द्या. संस्थेची कंपनी व्यवहार मंत्रालयाकडची सीएसआर-१ नोंदणी आहे का ते आधी पाहा, १ एप्रिल २०२१ पासून तिच्याशिवाय तो पैसा देता येत नाही. दोन खाती वेगळी ठेवलीत की लेखापरीक्षकही खूश राहतो आणि तुम्हीही रात्री झोपता.

आता खरा गाभा: कसब. भिंती रंगवणं मी सरसकट वाईट म्हणत नाही, पण रंगारी तुमच्या माणसांपेक्षा चांगला रंगवतो आणि त्याला त्या कामाची गरज असते. तुमच्या कंपनीत असं काय आहे जे गावात विकतही मिळत नाही? लोक म्हणतात, कॉम्प्युटर. माझा अनुभव म्हणतो, पर्चेस, म्हणजे खरेदी खातं.

धडगावच्या बाजूला बायका एप्रिल-मे मध्ये कैऱ्या सोलून, चकत्या करून, वाळवून आमचूर करतात. घराच्या छपरावर, खाटेवर, जिथे ऊन मिळेल तिथे वाळवण. वळवाचा पाऊस आला की काळं पडतं. बाजारात व्यापारी हातात घेऊन चार चकत्या मोडतो, नाक मुरडतो आणि भाव सांगतो. अशा एका गटाला मदत करायला आम्ही एका कारखान्यातून माणसं मागितली. तिकडून उत्साहाने मार्केटिंगची मंडळी आली. त्यांनी दोन तासांत नाव, चित्र, पाकीट, सगळं काढून दिलं. ते पाकीट आजही माझ्याकडे आहे, कारण दुसरं कोणी ते वापरलं नाही. पाकिटात भरायला एकसारखा माल नव्हता.

पुढच्या वेळी त्याच कारखान्यातले पर्चेसचे एक साहेब आले. बावीस वर्षं माल विकत घेण्यात गेलेली, म्हणजे समोरच्याला कसं नमवायचं यात मुरलेले. ते सरळ म्हणाले, "मी नेहमी समोरच्या खुर्चीत असतो, म्हणून सांगतो. विकणाऱ्याची घाई दिसली की मी भाव पाडतो." मग त्यांनी बायकांना खरेदीदार काय काय बघतो ते एकेक करून दाखवलं. रंगावरून तीन ढीग करायला लावले, म्हणजे काळ्या चकत्यांमुळे पांढऱ्यांचा भाव जात नाही. घरून निघताना वजन करून कागदावर लिहायला लावलं आणि व्यापाऱ्याच्या काट्यावरचं वजन शेजारी लिहायला लावलं. पैसे कधी मिळाले त्याची तारीख तिसऱ्या रकान्यात. बस, तीन रकाने. बोलणं पावरीतून, म्हणजे तिथल्या पावरा आदिवासींच्या भाषेतून, व्हायला हवं होतं, म्हणून पाड्यावरची बारावी झालेली एक मुलगी दुभाषी म्हणून बसायची आणि तिची दिवसाची मजुरी कंपनी द्यायची. हे मी मुद्दाम सांगतो. दुभाष्याला फुकट राबवून तुमच्या साहेबांची स्वयंसेवा होणार असेल तर ती स्वयंसेवा कोणाची?

ते साहेब त्या हंगामात चारदा गेले. जळगावहून धडगावला जाण्यात अर्धा दिवस मोडतो, तरी गेले. दुसऱ्या वर्षी गटाने सगळा माल एकत्र करून एकाच दिवशी विकला आणि दोन व्यापाऱ्यांना एकाच वेळी बोलावलं. ही युक्ती त्यांना साहेबांनी शिकवली नव्हती. तीन रकान्यांची वही बघून बायकांनाच ती सुचली. त्या साहेबांनी मला नंतर सांगितलं की आता लहान पुरवठादाराशी बोलताना त्यांची जीभ थोडी अडखळते. कंपनीला याचा फायदा की तोटा, ते कंपनीने बघावं.

म्हणून तुमच्या यादीत पर्चेस, स्टोअर, हिशेब, देखभाल, सुरक्षा, वाहतूक अशी सगळी खाती घ्या. केळीच्या पट्ट्यात, रावेर-यावलकडे शेतकऱ्यांच्या कंपन्या आहेत. घड कापल्यापासून गाडी भरेपर्यंत माल कुठे चेपतो, कुठे वेळ जातो, हे तुमच्या कारखान्यातला वाहतूक बघणारा माणूस एका सकाळीत टिपून देईल. त्याने केळी कशी पिकवावी हे मात्र सांगू नये. तिथे मृगबाग आणि कांदेबाग या केळीच्या दोन लागवड हंगामांतला फरक शाळकरी पोरालाही कळतो.

शिकवायला जाण्याची खोड मोडायची असेल तर वर्षातली एक फेरी साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याची ठेवा. चैत्राम पवारांना २०२५ साली पद्मश्री मिळाली तेच हे गाव. ४०० हेक्टरांहून अधिक जंगल गावाने स्वतःच नियम घालून राखलंय. तिथे तुमच्या लोकांनी काही करायचं नाही, फक्त नियम कसे ठरले, मोडणाऱ्याचं काय केलं, हे ऐकायचं. मॅनेजर लोकांना सगळ्यात आधी न्या.

ताई, जळगावच्या कारखान्याबद्दल तुम्ही प्रश्नात एकच ओळ लिहिलीत. माझ्या मते तुमचं सगळ्यात मोठं भांडवल तेच आहे. पुण्यातल्या इंजिनिअरला अहिराणी कळत नाही, नंदुरबार नकाशात दाखवता येत नाही. कारखान्यातला फिटर धरणगावचा किंवा एरंडोलचा असतो, त्याची सासुरवाडी शिंदखेड्याची असते, तो बोलायला लागला की समोरचा माणूस खुर्ची देतो. पण जागतिक कंपन्यांच्या स्वयंसेवेत हाच माणूस सुटतो. नोंदणी पोर्टलवर, लॉगिन फक्त ऑफिसवाल्यांना, मेल इंग्रजीत, कार्यक्रम सकाळी दहाला आणि त्याची पहिली पाळी. कंत्राटी कामगार तर धोरणात धरलेलेच नसतात. रजा त्यांनाही मिळावी यासाठी भांडा, निदान त्यांना नुसतं बोलावून फुकट तरी राबवू नका. कारखान्यात नोंदणी कागदावर करा, हजेरी लागते त्या टाइम ऑफिसजवळ मराठीत फलक लावा आणि पाळी सुटल्यानंतरच्या तीन तासांचीही रजेत गणती करा.

एका आश्रमशाळेत गच्चीवर सौर बंब होता. दोन वर्षं बंद. मुली थंडीत गार पाण्याने अंघोळ करत होत्या, आणि एक कंपनी नवा बंब द्यायला तयार होती. आम्ही आधी दोन फिटर नेले. एका व्हॉल्व्हमध्ये क्षार साचून तो जाम झाला होता आणि एक पाइप वाकला होता. दुपारच्या आत पाणी गरम झालं. त्यातल्या धाकट्याने जाताना भिंतीवर ऑइल पेंटने लिहून ठेवलं: दर तीन महिन्यांनी अमुक नट खोलून साफ करा. खाली बाण काढला. माझ्या अठरा वर्षांतला सर्वोत्तम प्रकल्प अहवाल तोच. मात्र विजेचं काम असेल तर परवानाधारक माणूसच पाठवा आणि गच्चीवर चढणाऱ्याला पट्टा बांधा. कारखान्यातले सुरक्षा नियम गेटच्या बाहेर संपत नाहीत.

लोक रजा का घेत नाहीत, हा तुमचा उपप्रश्न. उत्साह कमी म्हणून नव्हे. मधल्या फळीतला साहेब "जा की" म्हणतो आणि चेहऱ्याने "कशाला" म्हणतो, म्हणून. त्यावर मी एकच उपाय चालताना पाहिलाय. पहिल्या तुकडीत साहेबांनाच न्यायचं, आणि तारीख टीमच्या कॅलेंडरवर तीन महिने आधी लिहायची. दुसरी चूक याच्या उलट टोकाची, ती म्हणजे सक्ती. प्रत्येक टीमला अमुक टक्के, मूल्यमापनात गुण, न गेलेल्यांची यादी. असं केलंत की स्वयंसेवेची वेठ होते. लोक जातात, सही करतात, सावलीत बसतात. संस्थेला ते लगेच कळतं. दहा मनापासून आलेले बरे.

संस्थेवर पडणारा बोजा हा विषय कोणी काढत नाही, म्हणून मी काढतो. चाळीस माणसं एक दिवस येणार म्हणजे संस्थेच्या कार्यकर्त्याचे किमान तीन दिवस जातात: जागा बघणं, साहित्य, सरपंचांना सांगणं, पाणी, बायकांसाठी स्वच्छतागृह, नंतरची आवराआवर. त्या तीन दिवसांचे पैसे द्या. मागायला संस्था लाजते, कारण पुढच्या अनुदानाची आशा असते. तुम्ही पत्रातच रक्कम लिहून टाका. आणि "नाही" म्हणायची मोकळीक द्या. मी संस्थेत असताना एका कंपनीला तीनदा हो म्हणालो होतो, तीनही वेळा आमचं चालू काम थांबलं होतं.

जेवण पुण्याहून डब्यातून नेऊ नका. गावातल्या गटाला आठ दिवस आधी सांगा, पैसे आगाऊ द्या. कळण्याची भाकरी, भरीत, नाहीतर वरण-बट्टी. तिखट बेताचं करा हे मात्र सांगायला विसरू नका, नाहीतर पुण्याच्या मंडळींचा दुपारनंतरचा कार्यक्रम संपलाच म्हणून समजा. मुलांचे फोटो शाळेच्या आणि पालकांच्या लेखी परवानगीशिवाय नाहीत. पाड्यावरच्या माणसाच्या खांद्यावर हात टाकून काढलेला फोटो मला कधीच आवडला नाही. आपल्या ऑफिसात कोणी अनोळखी माणसाने येऊन तसा काढला असता तर आपण सिक्युरिटीला बोलावलं असतं.

परदेशातले सहकारी कसे सामील होतील, हेही विचारलंय. दूरच्या दूर सगळं करायला जाऊ नका. डोंगरात नेट कधी असतं, कधी नसतं. शहादा, शिरपूर, चोपडा इथल्या कॉलेजातल्या मुलांच्या सराव-मुलाखती मात्र व्हिडिओवर उत्तम होतात. मुलगा आपल्या भाषेत हुशार असतो, फक्त परकी माणसं समोर दिसली की गोठतो. तीनदा गोठला की चौथ्यांदा बोलतो. त्यासाठी एकाच स्वयंसेवकाने त्याच मुलाला किमान चार वेळा भेटायला हवं. दरवेळी नवा चेहरा आला तर उपयोग नाही. शिवाय तुमच्या परदेशातल्या ऑफिसांत आपलीच माणसं शोधा. खानदेशातली पोरं कुठे कुठे पोहोचलीत. आपल्याकडे जागतिक कंपनी ही काही परकी गोष्ट नाही, विप्रोची सुरुवात १९४५ साली अमळनेरच्या तेलगिरणीतून झाली. ही मंडळी दिवाळीला, आखाजीला घरी येतात, लेकी माहेरी येतात. त्यातला अर्धा दिवस आपल्याच शाळेला दिला तर त्यांना दुभाषी लागत नाही आणि विमानाचा खर्चही नाही.

मोजणीचा विषय हेड ऑफिसला सगळ्यात प्रिय. तास मोजा, त्यांना ते हवेत आणि द्यायला काही हरकत नाही. पण त्या तक्त्यात दोन रकाने वाढवा. एक: तीन महिन्यांनी केलेला फोन. बंब चालू आहे का, वही लिहिली जाते का, मुलगा मुलाखतीला गेला का. दुसरा: पुन्हा बोलावलं का. इरजिकीतून नीट राबून गेलेल्या माणसाला पुढच्या वर्षी निरोप येतोच, नुसता जेवून गेलेल्याला येत नाही. संस्थेने स्वतःहून, तुम्ही न विचारता, पुन्हा माणूस मागितला तर त्या खुणेपुढे हजार तासांचा आलेख फिका आहे. आणि जिथून बोलावणं आलं तिथेच दरवर्षी जा. पांझरा नदीवरच्या फड या सामूहिक सिंचन पद्धतीत पाटाची साफसफाई ज्यांचं पाणी त्यांनीच दरवर्षी करायची असते. एकदा जोरात साफ करून दहा वर्षं विसरलं तर पाणी शेवटच्या शेतापर्यंत पोहोचत नाही.

पहिल्या वर्षी फार पसरू नका. दोन संस्था, एक जळगावजवळची, रोज उठून जाता येईल अशी, आणि एक सातपुड्यातली. पन्नास-साठ माणसं, त्यातली निम्मी कारखान्यातली. हेड ऑफिसला लिहायचं ते एवढंच: रजा दोन तासांनी तोडून घेता यावी, डिसेंबरच्या आठवड्याची सक्ती भारताला नको, कारखान्यातल्या आणि कंत्राटी लोकांना नोंदणी खुली असावी, संस्थेला दिवसाचा खर्च द्यायला वेगळी तरतूद असावी, आणि तक्त्यात दोन रकाने वाढवावेत. सोबत गावाच्या वर्षाचं ते एक पान जोडा. उत्तर यायला महिना लागेल. तोवर एका शनिवारी जळगावला या, दुसऱ्या पाळीच्या चहाच्या वेळी कँटीनमध्ये बसा आणि कोणाचं गाव कुठलं, तिथे कुठलं काम राहिलंय, ते विचारून वहीत लिहून घ्या. लॅपटॉप गाडीतच राहू द्या.